लेखी परवानगी येईपर्यंत

हनीफचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच एक मेल लिहीत होते. बेलापूरच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली होती, डबा उघडून बाजूला ठेवला होता, आणि अंधेरीच्या एका मोठ्या निर्मिती कंपनीला मी पाचव्यांदा विनंती करत होते, की माझा विद्यार्थिदशेतला लघुपट एकदाच, एका घरात, एका माणसाला दाखवायची परवानगी द्यावी. तो माणूस फार आजारी आहे हे इंग्रजीत कसं लिहावं, म्हणजे ते खरंही वाटेल आणि गळेपडूपणाही वाटणार नाही, इथे अडले होते. तेवढ्यात चाचांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "ताई, अब्बा गेले. डायलिसिसला न्यायला रिक्षा बोलावली होती…"  तो मेल अर्धाच राहिला. पुसून टाकायचा म्हणून दोनदा उघडला, दोन्ही वेळा तसाच बंद केला.

पनवेलच्या आसपास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यापैकी अनेकांनी चाचांना पाहिलं असेल, पण ओळखलं नसतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे कोण बघतं? अंगाने बारीक, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चालताना आवाज होऊ नये म्हणून पायात रबरी सपाता. जुन्या पनवेलला मोहल्ल्यात त्यांचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी बोर्डावरचं 'व्हिडिओ शूटिंग' खोडून तिथे 'प्रॉडक्शन' असं लिहून घेतलं, तेव्हा झुबेदाचाची म्हणाल्या होत्या, "अक्षरं मोठी झाली, खोली मात्र तेवढीच राहिली." चाचा हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

आमचं गाव चिरनेरच्या अलीकडे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठला फॉर्म कुठे भरायचा, कुणाला सर म्हणायचं आणि कुणाला साहेब, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. चाचांना मी लहानपणापासून पाहत होते ते माझ्या आतेमुळे. माझी आते, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीला, मांडवात, धवले गाणारी बाई लागते. ती देवांची नावं घेते, नवरा-नवरीची नावं घेते, आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. हल्ली मांडवाच्या दुसऱ्या टोकाला डीजे लावलेला असतो आणि धवलारीण काय म्हणते ते शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू जात नाही. बाकीचे शूटिंगवाले नाचणाऱ्यांच्या मागे धावत. चाचा मात्र आतेच्या पुढ्यात मांडी घालून बसत आणि माईक तिच्या तोंडाजवळ धरत.

"ए हनीप, तुजा तो दांडका जरा लांब धर. माज्या दाताला लागंल."

"लांब धरला तर आते, तुमच्या जागी डीजेच ऐकू येईल."

"मंग त्या डीजेला सांग ना गप ऱ्हायला. मला कशाला सांगतंस?"

वीस वर्षं त्यांचं हे असंच चाललेलं. आतेने त्यांना कधी 'अहो' म्हटलं नाही आणि त्यांनी तिला कधी 'अगं' म्हटलं नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांच्या स्टुडिओत शिकायला जाऊ लागले. आवाज आणि चित्र कसं जुळवायचं, कुठे कापायचं, हे सगळं मी तिथे एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शिकले. त्यांची काम करायची एक पद्धत होती, जी मी पुढे कुठेच पाहिली नाही. लग्नाची फिल्म तयार झाली, की ते सगळं मूळ चित्रण एका डिस्कवर घालून स्वतः त्या घरी घेऊन जायचे. घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवायचे, सगळं नीट उघडतंय ना ते दाखवायचे आणि मग आपल्याकडची प्रत त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचे. आवाजाचंही तसंच. फक्त धवल्यांचा आवाज ते बाजूला काढून ठेवायचे, तोही त्या घराला विचारून. कोणी नको म्हणालं तर तोही पुसायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, ठेवलं आपल्याकडे तर काय बिघडतं? उद्या त्यांची डिस्क खराब झाली तर?" ते म्हणाले, "त्यात घरातल्या बायका असतात, बेटा. हळदीत भिजलेल्या, रडणाऱ्या, हसणाऱ्या. ही अमानत आहे. दिली म्हणजे पूर्ण द्यायची. थोडी खिशात ठेवली, तर मग देणं कसलं?"

मुंबईतल्या एका संस्थेत चित्रपटाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, हे त्यांनीच शोधून काढलं. बाबांचा विरोध होता. मुलीने सिनेमात जायचं म्हणजे काय, याची त्यांच्या डोळ्यांसमोर जी चित्रं होती ती काही चांगली नव्हती. चाचा एका रविवारी मोटारसायकलवरून गावात आले, आमच्या पडवीत बसले, तासभर भातशेती, कंटेनर यार्ड, बाबांची रात्रपाळी यांवर बोलले आणि उठता उठता म्हणाले, "मुलगी शिकायला जातेय, दादा. बिघडायचं असतं तर माझ्याकडे दोन वर्षांत बिघडली असती, माझ्याकडे दिवसातून चार वेळा चहा असतो." बाबा हसले. बाबा हसले म्हणजे परवानगी मिळाली, हे घरात सगळ्यांना कळलं.

संस्थेत शेवटी प्रत्येकाने वीस-बावीस मिनिटांचा एक लघुपट करायचा होता. संस्था कॅमेरा चार दिवसांसाठी देणार, बाकी सगळं उभं करायला एखादी निर्मिती कंपनी पाठीशी असावी, अशी अट. माझा विषय ठरला होता, आते आणि तिचे धवले. आमच्या सरांच्या ओळखीने अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीने माझं टिपण वाचलं आणि त्यांना ते आवडलं. ते विद्यार्थ्यांचे काही लघुपट दरवर्षी घेत. दुसरीकडे चाचांची 'प्रॉडक्शन' कंपनी होतीच. संस्थेच्या अटीत ती बसत होती, मी नोंदणीचा कागद पाहिला होता. आठ दिवस मला झोप लागली नाही. शाळेत असताना बाईंनी शिकवलं होतं तसं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. मोठ्या कंपनीच्या बाजूला लिहिलं : लाइट, दोन कॅमेरे, रंगाचं काम, महोत्सवात पाठवतात, नाव. चाचांच्या बाजूला एकच ओळ लिहिली गेली : आते गाईल.

ती वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ज्यांच्याकडे जाऊ नये नेमकं त्यांच्याकडेच, पण सल्ला विचारायला मला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं.

"माझ्या बाजूला एकच?"

"पण ती मी सगळ्यात आधी लिहिली, चाचा."

"आणि चहा? चहा लिहिला नाहीस. मोठ्या कंपनीत मशीनचा असतो, तो कोण पितंय?" मग चष्मा काढून त्यांनी वही माझ्या हातात दिली. "मोठ्यांकडे जा. माझं नाव लागलं तर लोक म्हणतील, पनवेलच्या लग्नवाल्याने काढलीय. माझी कंपनी म्हणजे मी, माझी पाठ आणि ती बाहेरची गाडी. तुला अजून खूप पुढे जायचंय."

"आणि आते?"

"आतेचं मी बघतो."

मी मोठ्या कंपनीकडे गेले. आज मागे वळून पाहताना मला असं म्हणावंसं वाटतं, की त्यांनीच तर सांगितलं होतं. पण खरं हे आहे की त्यांनी तसं सांगावं म्हणूनच मी वही घेऊन गेले होते. तिथे लिफ्ट होती, काचेच्या भिंती होत्या, आणि माझं नाव घेऊन 'या, बसा' म्हणणाऱ्या एक मॅडम होत्या. आमच्या घरातल्या कुणालाही आजवर कुणी काचेच्या खोलीत बोलावून बसवलं नव्हतं.

करार दहा-बारा पानांचा होता. मी तो घरी आणून तीनदा वाचला. पहिलं अधिकृत प्रदर्शन होईपर्यंत कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय लघुपट कुणालाही, कुठेही दाखवायचा नाही, असं एक कलम होतं. कामासाठी वापरलेली सगळी मूळ सामग्री कंपनीच्या ताब्यात राहील, असं दुसरं. आमच्या घरात सहीला फार घाबरतात. आजोबांनी एका कागदावर अंगठा दिला आणि नंतर त्या शेतात पाय ठेवायला गेले तेव्हा त्यांना तारेच्या बाहेर उभं राहावं लागलं, ही गोष्ट आम्ही पाळण्यात ऐकलेली. बाबा म्हणाले, "सई करताना इचार कर. केलीस मंग ती मोरायची नाय. सई म्हंजे आपला शब्द हाय." मी विचार केला आणि सही केली. ती मोडायची नाही, हेही त्याच वेळी ठरवलं.

चित्रणाच्या दिवशी कंपनीची गाडी गावात आली. सहा माणसं, दोन कॅमेरे, पडवीत पांढरे लाइट. आतेने नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा वळेसर होता. कॅमेऱ्यामागचा मुलगा आदबीने म्हणाला, "आजी, आता सुरू करा."

"काय सुरू करू?"

"गाणं. धवला."

"लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही आजी, शूटिंग आहे."

"मंग शूटिंगचा गाना ज्याला येतो त्याला बोलवा. माज्या म्होरं नवरी नाय, हलद नाय. मी कोनाचा नाव घेऊ? तुजा घेऊ?"

सगळे हसले, तीही हसली, पण गायली नाही. दुपारपर्यंत मी तिची मनधरणी केली. शेवटी ती मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "पोरी, तुज्यासाठी मी इहिरीत उडी घेईन. पन ह्या नको सांगू." कंपनीची माणसं विहीर, भातशेती आणि आतेचे हात टिपून परत गेली.

संध्याकाळी चाचांना फोन केला तेव्हा मी रडत होते. त्यांनी डायरी उघडली असावी, पानं उलटल्याचा आवाज येत होता. "तीन आठवड्यांनी शेजारच्या गावात हळद आहे. शूटिंग माझ्याकडेच आहे. धवलारीण तुझी आते. मी त्या घरी विचारतो." त्या घराने हो म्हटलं. कंपनीने दोन माणसं पाठवली, आणि आवाज चाचांनी घेतला. डीजेवाल्यांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, धवले चालू असेपर्यंत तो बंद राहिला. सहा तास ते आतेसमोर कधी बसून, कधी गुडघ्यावर, कधी उभं राहून माईक धरून होते. निघताना मी पाहिलं, त्यांचे पाय सुजले होते. सपाता पायांत जाईनात, हातात घेऊन ते गाडीपर्यंत अनवाणी गेले. उभं राहून सुजले असतील, असं आम्ही समजलो. त्यांनीही तसंच समजून घेतलं.

त्यानंतर एक दिवस आम्ही दोघं अंधेरीला गेलो. मूळ सामग्री द्यायची होती. त्या एका हळदीचा आवाज दिला असता तरी चाललं असतं, पण लघुपटात आतेचे जुने दोन धवले वापरले होते, म्हणून चाचांनी तिचे सगळे जपून ठेवलेले धवले आणले होते. वीस वर्षांतले. त्यांच्या मते तुकडा दिला म्हणजे दिलंच नाही. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. मॅडमच्या टेबलावर त्यांनी डिस्क जोडली, एकेक फाइल उघडून दाखवली आणि मग स्वतःचा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून आपली प्रत पुसायला घेतली.

"सर, याची काही गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"आहे, मॅडम."

मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "चाचा, एक प्रत ठेवा ना." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, आणि मीही हसले. त्या हसण्यात मी चाचांच्या बाजूला नव्हते. एवढं पुसायला पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ मला त्यांची लाज वाटली, हे आज लिहून टाकते.

लघुपट कंपनीतच पूर्ण झाला. मी तिथे जाऊन कापला, जुळवला. चाचांनी तो तुकड्या-तुकड्याने बघायला नकार दिला. "पूर्ण होऊ दे. तुझ्या पडवीत चादर लावून आतेच्या बाजूला बसून बघणार. ती मला शिव्या घालेल, त्या ऐकायच्यात." संस्थेत परीक्षकांनी तो पाहिला, मला चांगले गुण मिळाले. कंपनी म्हणाली, आता महोत्सवांना पाठवू, थोडं थांबा. मला एक प्रत मिळाली, स्वतःच्या नोंदीसाठी. ती माझ्या लॅपटॉपमध्ये होती. आम्ही थांबलो.

थांबण्यात सव्वा वर्ष गेलं. त्या मॅडमनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी कोण आलं ते कळेना. मेल पाठवला की आपोआप उत्तर यायचं, आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू. आणि मधल्या काळात चाचांची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मोटारसायकल विकली नाही, पण तिच्यावर कापड टाकलं. मी शनिवारी ऑफिसातून सुटले की नवीन पनवेलच्या त्या हॉस्पिटलात जायचे. चार तास हाताला नळ्या लावून ते पडलेले असायचे. मी खुर्ची ओढून बसले की पहिला प्रश्न तोच.

"आलं का पत्र?"

"येईल चाचा. कालच मेल केलाय."

"मोठी माणसं आहेत. त्यांच्याकडे कामं खूप असतात." ते कंपनीचीच बाजू घ्यायचे. मला बरं वाटावं म्हणून घ्यायचे, हे मला कळत होतं, आणि माझ्याच्याने काही होत नव्हतं. मी चांगली शिकलेली, नोकरी करणारी मुलगी, इंग्रजीत मेल लिहिणारी. मला एका माणसाकडून एका ओळीचं उत्तर आणता येत नव्हतं. एका दुपारी अंधेरीला जाऊनही आले. रिसेप्शनवरच्या मुलीने पाणी दिलं, नाव लिहून घेतलं आणि आधी वेळ घेऊन या म्हणाली. वेळ कुणाची घ्यायची, ते तिलाही सांगता येईना.

मग एका शनिवारी मी लॅपटॉप घेऊनच गेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा राखेसारखा होता, बोलताना मध्येच डोळे मिटत होते. मी त्यांच्या पोटावरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवला, उघडला, फाइलवर बोट नेलं. त्यांनी मोकळा हात पुढे केला. मला वाटलं, चष्मा मागतायत.

"पत्र आलं?"

"नाही चाचा. पण बघा ना… इथे कोण बघायला येतंय?"

त्यांनी झाकण हळूच खाली केलं. "तू सही केलीयस, बेटा. माझ्यासाठी मोडू नकोस. उद्या कुणी तुला म्हटलं, हिने शब्द पाळला नाही, तर मी कुठे तोंड लपवू? मीच तुला तिकडे पाठवलंय." आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवत, "मला घाई नाही."

मी जोर करायला हवा होता. ते झोपलेले असताना नुसता आवाज तरी लावायला हवा होता. पण मी लॅपटॉप पिशवीत घातला, कारण मलाही मनातून तेच बरोबर वाटत होतं. सही मोडायची नाही. आम्ही दोघंही त्या कागदाला तसेच घाबरत होतो, तो जणू समोर उभा राहून बघतोय. पुढचे दोन शनिवार त्यांनी पत्राचं विचारलं नाही. तिसऱ्या शनिवारच्या आधीच शबानाचा फोन आला.

जनाजा निघाला तेव्हा मी आत बायकांमध्ये होते. आतेही आली होती, बाबांबरोबर. ती भिंतीला टेकून बसली. मोहल्ल्यातल्या एका बाईने तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" आतेने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तो माज्या म्होरं बसायचा." त्यानंतर तिने एका लग्नाचं आवतण परत पाठवलं. आवाज बसलाय म्हणते. आवाज बसलेला नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कंपनीत पुन्हा फोन लावला. आता परवानगी नको होती, निदान धवल्यांची ती डिस्क परत मिळावी असं वाटत होतं. या वेळी, आश्चर्य म्हणजे, कुणीतरी फोन उचलला. आवाजावरून माझ्याच वयाची मुलगी, नुकतीच लागलेली, बोलायला गोड. डिस्क कुठल्या तरी गोदामात असेल, यादी जुन्या माणसांकडे होती, शोधून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही. मग तिने माझे जुने मेल उघडले असावेत, कारण ती वाचत वाचत म्हणाली, "मॅम, हे तुम्ही एका आजारी व्यक्तीला दाखवायचं म्हणून विचारत होतात?"

"हो."

"घरातच?"

"हो."

"अहो, मग त्याला परवानगी कशाला? ते कलम आपलं असंच असतं, सगळ्यांच्या करारात. घरच्यांना दाखवायला कोण नाही म्हणणार? सगळेच दाखवतात." आणि मग जरा काळजीने, "दाखवलंत ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून असेल. ती मुलगी वाईट नव्हती. कुणीच वाईट नव्हतं, मॅडमसुद्धा नाहीत, हेच मला सोसत नाही. कुणाकडे बोट दाखवावं म्हटलं तर माझ्या सहीखेरीज समोर काही नाही. आमच्या संस्थेतली नवी मुलं कधीकधी फोन करून विचारतात, ताई, लघुपटासाठी छोटी कंपनी घ्यावी की मोठी? मी त्यांना लाइट, कॅमेरे, महोत्सव असं सगळं सांगते. ते खरंच आहे, मोठ्या कंपनीशिवाय माझ्या आतेचे हात तसे कधीच दिसले नसते. पण वहीतल्या त्या दुसऱ्या बाजूबद्दल मी काय सांगू? ते मला सांगता येत नाही, आणि मुलं आभार मानून फोन ठेवतात.

गेल्या रविवारी मी मोहल्ल्यात गेले, लॅपटॉप घेऊन. झुबेदाचाची इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस त्या आतल्या खोलीतच राहणार, पुढच्या खोलीत येणार नाहीत, टीव्ही वगैरे काही बघणार नाहीत. मी त्यांना फोनवरचं ते बोलणं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं सांगता सांगताच वाटू लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांनी नसतंच बघितलं. कागद हातात आल्याशिवाय नसतंच बघितलं." मग म्हणाल्या, "तुझ्याकडे आहे का आता?"

"आहे. पण तुम्ही बघणार नाही ना…"

"बघायचं नाही. गाणंबजावणंही नको म्हणतात. पण ते काही गाणं नाही, त्यांचं काम आहे. तू बाहेर लाव. दारावरचा पडदा राहू दे. मी इथून ऐकते."

मी स्टुडिओत आले. त्यांच्या खुर्चीवर बसायचा विचारही आला नाही, भिंतीकडचं स्टूल ओढलं. लॅपटॉप तिथल्या आवाजाच्या मशीनला जोडला तरी मोठ्या स्पीकरमधून आवाज येईना. बघितलं तर मशीनच्या तोंडाला त्यांचे हेडफोन लावलेले होते. दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं गल्लीत ऐकू जाऊ नये, म्हणून ते कायम हेडफोन लावूनच काम करायचे, स्पीकर तिथे होते ते नावाला. मी पिन ओढून काढली, आणि आते एकदम खोलीभर गायला लागली. पडद्यामागे चाचींच्या बांगड्या नव्हत्या वाजायला, त्यामुळे त्या जवळ आल्या की लांबच बसल्या ते कळलं नाही. बावीस मिनिटं मी लॅपटॉपच्या पडद्यावर काही पाहिलं नाही, नुसता आवाज ऐकला. किती जवळ होता तो. आतेचा श्वास घेतल्याचं ऐकू येत होतं, मध्येच लुगडं सावरल्याचं.

धवला थांबला. आतून आवाज आला, "संपलं?"

"हो चाची. आता नावं येतायत."

"यांचं?"

नावं मुकीच असतात. मी वाट बघितली. आधी कंपनीची पुष्कळ नावं गेली. मग ते आलं, आणि मी ते मोठ्याने वाचलं.   मग लॅपटॉप मिटला, आणि हेडफोनची पिन होती तिथे परत लावून ठेवली.